शेठची मोटार, लताची सायकल आणि सोनगीरची एसटी

धुळे,
रविवार दुपार, एप्रिल १९५८

तीर्थस्वरूप आबांच्या पायांशी, पाठीची लचक सांभाळून जेवढे वाकता येईल तेवढे वाकून, जावई पंडितचा नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? एरंडाची पाने बांधून उतार पडला, असे आपल्या गावचे झुलालभाऊ म्हणाले, आणि पुढच्याच वाक्यात असेही म्हणाले की आपण परवा पाचोऱ्याच्या स्टेशनापर्यंत पायी जाऊन आलात. (दोन्ही गोष्टी खऱ्या असतील तर इथल्या डॉक्टरांना आपल्या बांधावरच्या एरंडाचा पत्ता द्यावा म्हणतो.) ती. आईंचा खोकला गेला का? म्हैस व्याली आणि पारडी झाली हे ऐकून सौ. लताला इतका आनंद झाला, की तिने आधी पारडीची चौकशी केली आणि मग तुमची. रागावू नका. मुलगी सासरी गेली की तिला गोठाच जास्त आठवतो.

पत्रास कारण झुलालभाऊच. ते बैल बघायला धुळ्याला आले होते. बैल काही त्यांना पटला नाही, पण त्या सकाळी पानाच्या दुकानाशी उभे राहून त्यांनी जे पाहिले, ते त्यांना फार पटलेले दिसते. गावी जाऊन त्यांनी चावडीवर आपल्याला सांगितले, “तोतारामभाऊ, तुमनी लतीनी शेठनी मोटरले सायकल ठोकी, एसटी मांगे सरकाडी, आनि बठ्ठं धुळं बंद पाडं.” आणि त्यावर आपण उलट निरोप पाठवलात की, लतीला घेऊन या, नाहीतर मीच येतो आणि घेऊन जातो. आबा, झुलालभाऊंच्या या तीन गोष्टींतली पहिली खोटी आहे, दुसरी अर्धी खरी आहे, आणि तिसरी, सगळे धुळे बंद पाडल्याची, बरोबर उलटी आहे. म्हणून झाले ते जसेच्या तसे लिहितो. आपण वाचून पाहावे आणि मग काय ते ठरवावे. (पत्र चावडीवर वाचले गेल्यास माझी हरकत नाही. फक्त माझ्या सायकलीचा भाग आला की वाचणाऱ्याने पान उलटावे.)

आधी रस्ता सांगतो. मुंबईहून आग्र्याला निघालेला हमरस्ता आमच्या धुळ्यात शिरतो तो भर बाजारातून जातो. म्हणजे मुंबईच्या ट्रकवाल्याला आग्रा गाठायचे, तर भांडेबाजारावरून, चहाच्या हॉटेलांवरून आणि बन्सीलालशेठच्या कापडदुकानावरून (जिथे मी लग्नाच्या आधीपासून हातात कापड मोजायचा गज धरून उभा आहे) गेल्यावाचून सुटका नाही. त्याच रस्त्यावर सरकीच्या पोत्यांच्या बैलगाड्या, त्याच रस्त्यावर टांगे, हातगाड्या, आणि सायकली. सायकली किती म्हणून सांगू? कचेऱ्या सुटल्या की कापसाच्या जिनातून रुई उडावी तसे कारकून उडत येतात. त्यात एसटी. पूर्वीच्या खासगी गाड्या पोत्यात धान्य दाबून भरावे तशी माणसे दाबल्याशिवाय हलत नसत. एसटीचे तसे नाही, ती स्टँडवरून वेळेवर सुटते. बाजारात येऊन अडकते हा तिचा दोष नव्हे. आणि या सगळ्यांत मोटारी. मोटारी अगदी थोड्या, बोटांवर मोजाव्यात एवढ्याच, पण लग्नात जावई जसे एकटे असून ओसरीभर पसरतात तशा त्या. (हे मी अनुभवाने लिहितो आहे.)

त्यांतली सर्वांत नवी मोटार आमच्या शेठची. काळी, चकचकीत, आत गादी. शेठ दुकानाच्याच माडीवर राहतात. त्यामुळे घरून दुकानात यायला मोटार लागत नाही आणि दुकानातून घरी जायलाही लागत नाही. म्हणून ती दिवसभर दुकानाच्या दारात तोंड रस्त्याकडे करून उभी. येणारा-जाणारा तिला वळसा घालतो. सायकलवाला वळसा घालतो म्हणून टांगेवाला सरकतो, टांगेवाला सरकतो म्हणून एसटी थांबते, आणि एसटी थांबली की मागचा ट्रक भोंगा वाजवतो. तो भोंगा ऐकून शेठ गादीवरून म्हणतात, “या धुळ्यात सायकली फार झाल्या.”

आता सौ. लताची सायकल. तिला पांझरा नदीपलीकडे देवपुरात मुलींच्या शाळेत नोकरी लागली हे आपणास माहीत आहे. प्रथम ती जीवरामच्या टांग्याने जाई. जीवरामचा घोडा गुणी, पण जीवराम ज्या ज्या हॉटेलात चहा पितो तिथे तिथे तो आपण होऊन थांबतो. जीवरामला चहा नको असला तरी थांबतो, मग घोड्याचा मान राखायला जीवराम उतरतो. एसटीने जावे, तर सोनगीरकडे जाणारी गाडी बाजारातून जायची, पण तिला थांबायला धड जागाच नसे. आज हलवायापुढे, उद्या कासारापुढे. लता हलवायापुढे उभी राहिली की गाडी कासारापुढे. शेवटी शाळेच्या मुख्य बाई बदलून गेल्या, त्या आपली जुनी लेडीज सायकल हिला देऊन गेल्या. नदीकाठच्या मोकळ्या जागेत मी तिला शिकवले. शिकवले म्हणजे, मी सीट धरून मागे धावत असे. एके दिवशी धावता धावता लक्षात आले की सीट माझ्या हातात नाही, आणि सौ. लता लांब चिंचेपाशी सायकल उभी करून विचारते आहे, “अहो, तुम्ही का धावताय?”

पहिले काही दिवस बाजार उठून बघायला लागला. पातळाचा पदर खोचून, डबा पुढे टोपलीत, मान ताठ. ट्रकच्या डावीकडून, टांग्याच्या मागून, हातगाडीवाल्याला “मामा, जरा” म्हणत ती अशी निघे, की गर्दीत वाट असते हे मला तिच्यामागे बघून कळले. आबा, मी रोज दुकानाच्या पायरीवरून बघतो. गिऱ्हाईक समोर असले तरी बघतो. एकदा तिच्याकडे बघत बघत एका बाईंना सात वार पातळ फाडून दिले. नऊ वार हवे होते.

तर मग एके दिवशी एका दूधवाल्याच्या सायकलीची बरणी शेठच्या मोटारीला घासली. ओरखडा नखाएवढा, पण शेठनी दुपारी व्यापाऱ्यांना बोलावून लगेच ‘बाजार रस्ता-सुधार मंडळ’ स्थापन केले. मंडळाने सुधारणा एकच ठरवली: दिवसाउजेडी बाजारातून सायकली आणि टांगे बंद करावेत, म्हणजे मोटारींना आणि एसटीला रस्ता मोकळा होईल. तशी मागणी नगरपालिकेकडे करायची होती. त्या दिवशी घरी शेवभाजी होती. दुसरी भाकरी संपवली आणि मग मी सांगितले.

“बंद म्हणजे?” सौ. लताने विचारले.

“फक्त बाजारातून. बाहेरून जाता येईलच की.”

“बाहेरून कुठून? पात्रातून? आणि पावसाळ्यात?”

मी भाजीत भाकरी चुरत राहिलो.

“म्हणजे मी नोकरी सोडायची.”

“शेठचं म्हणणं असं की एसटीनं जावं...”

“नोकरी शेठ करत नाहीत,” ती म्हणाली, “मी करते.” आणि तिने माझ्या ताटात आणखी भाजी वाढली. ती रागावली की जास्त वाढते, हे आपणास माहीत असेलच. आबा, एकीकडे मालक, दुसरीकडे बायको. मालकाचे ऐकावे तर घरात तोंड कसे दाखवावे, आणि बायकोचे ऐकावे तर गज कोणाच्या दुकानात धरावा? मला तर घासही गोड लागेना.

पुढे मॅट्रिकच्या परीक्षा आल्या. शेठची मुलगी मंदा यंदा परीक्षेला. शेठच्या घराण्यात मॅट्रिकला बसणारी ती पहिलीच, मुलांतही पहिलीच. मुलगी हुशार, दुकानात आली की मला पातळांची नावे इंग्रजीत सांगते. परीक्षेची जागा गावाच्या दुसऱ्या टोकाला. शेठनी ठरवले, मंदा मोटारीने जाईल, आणि मोटार स्वतः शेठ हाकतील. (मोटार प्रथमच कुठेतरी जाणार म्हणून ड्रायव्हरच्या डोळ्यांत पाणी आले होते, त्याला मात्र दारातच ठेवले.) शेठच्या आई धुरपदाबाईंनी नातीला ओवाळले, दही-साखर दिली, आणि मंदा पायरी उतरते तोच मांजर आडवे गेले. पुन्हा वर नेली, पुन्हा दही, पुन्हा पायरी. तेवढ्यात उशीर झालाच. शेठ घाईने मोटारीत बसले, भोंगा वाजवला आणि भोंग्याच्या भरवशावर, इकडेतिकडे न बघता, मोटार रस्त्यात घातली.

समोरून कडब्याची गाडी येत होती. बैल बुजले, आडवे झाले, गाडी रस्त्याच्या आरपार. पलीकडून सोनगीरची एसटी पूल ओलांडून आलेली. ड्रायव्हर हुशार म्हणून वेळेवर थांबला, पण गाडीची दांडी एसटीच्या पुढ्यात जाऊन बसली. मागून आग्र्याचा ट्रक. एका अंगाला जीवरामचा टांगा, आणि त्याचा घोडा बरोबर हॉटेलासमोर, म्हणजे हलायला तयार नाही. मोटारीचे नाक कडब्याखाली. पेंढ्या सुटून वर पडू लागल्या, आणि पाहता पाहता आमच्या शेठची मोटार गोठ्यात उभ्या केलेल्या म्हशीसारखी दिसू लागली. (हसलो नाही. मालक आहेत.) सगळे भोंगे वाजवताहेत, सगळे एकमेकांना मागे हो म्हणताहेत, आणि मागे होणार कोण, कारण सगळ्यांच्या मागे कोणीतरी आहेच.

आणि तेव्हा एसटीतून मुले-मुली उतरू लागली. हातात टाक-दौत, खिशात परीक्षेच्या प्रवेशचिठ्ठ्या, चेहरे उतरलेले. सोनगीरकडची मॅट्रिकची पोरे होती ती. पायी निघाली असती तर पेपर निम्मा झाल्यावर पोचली असती, आणि निम्म्यांना वाट ठाऊक नाही. दोघी मुली तर रडायलाच लागल्या. त्यांच्यातच भटू नावाचा एक दणकट गृहस्थ होता. मिशा होत्या, हातात छत्री होती. तो चौथ्यांदा मॅट्रिकला बसत होता. तो सगळ्यांना धीर देत होता, “रडू नका वं, मना तीन सालना अनुभव शे,” पण त्याने कोणाला धीर येईना.

याच वेळी सौ. लता शाळेला निघालेली. ती आली, उतरली, आणि सायकल टेकवायला दुसरी जागा नसल्यामुळे शेठच्या मोटारीला टेकवून उभी केली. झुलालभाऊंनी जी ‘ठोकी’ म्हणून सांगितली ती हीच. तिने रस्ता पाहिला, पोरे पाहिली, आणि पिशवीतून शिट्टी काढली. (शाळेत कवायत तीच घेते.) ती शिट्टी अशी वाजली, आबा, की भोंगे थांबले, बैल थांबले, हॉटेलातली कपबशी थांबली, आणि मी पायरीवर गज खांद्याला लावून सावधान उभा राहिलो.

“सगळे सायकलवाले इकडे या!” ती म्हणाली. आणि आले! कचेरीचे कारकून आले, दूधवाला आला (तोच, बरणीवाला), पोस्टमन आला, एक न्हावी हजामतीची पेटी अडकवून आला. ज्यांना मंडळ रस्त्यावरून काढणार होते, ते सगळे तिच्यासमोर ओळीत उभे राहिले. “एक सायकल, एक परीक्षार्थी. मुलींना आधी. पत्ता ज्याला ठाऊक तो पुढे.” तिने पाहिले, मोजले, बोट दाखवले. एकेकजण मागे बसला, घंटा वाजल्या आणि कडब्याच्या गाडीच्या नि भिंतीच्या मधल्या बोळकांडीतून, जिथून मोटारीचे चाकसुद्धा गेले नसते, तिथून ती सगळी वरात निघाली. ते दृश्य मी जन्मभर विसरणार नाही. लोक बाजूला होऊन वाट देत होते, आणि एका हलवायाने तर शुभशकुन म्हणून पेढे फेकले. (एक मला लागला.)

राहिली मंदा. मोटारीच्या एका दाराशी कडबा, दुसऱ्या दाराशी टांग्याचे चाक. सौ. लताने काचेवर टकटक केले. शेठनी काच खाली घेतली.

“शेठजी, मंदाला इकडे द्या.”

“माझी पोरगी? सायकलवर? भर बाजारातून?”

“मोटारीत बसवून ठेवायची असेल तर ठेवा,” सौ. लता म्हणाली. “परीक्षा पुढच्या वर्षीही असते.”

शेठ काही बोलायच्या आत माडीवरून धुरपदाबाईंचा आवाज आला, “बन्सी, सोड तिले! जाय वं बेटी, बस तिना मांगे!” आणि मंदा खिडकीतून बाहेर आली. मंदा लताच्या मागे बसली, दोघी बोळकांडीतून गेल्या, आणि मी, खरे सांगतो, निरोप द्यायला गज वर केला. पण तो हलवायला वेळ मिळाला नाही. कारण जाता जाता सौ. लताने मागे वळून माझ्याकडे पाहिले, मग भटूकडे पाहिले, आणि मग दुकानाच्या भिंतीला टेकलेल्या, गाठोडी पोचवायच्या सायकलीकडे पाहिले.

(इथे पान उलटावे.)

आपल्या जावयाला सायकल चालवता येते असे मी लग्नात सांगितले होते. ते तितकेसे खोटे नव्हते, मला सरळ रस्त्यावर, रिकाम्या, उतारावर येते. भटू मागे बसला. त्याने विचारले, “दादा, तुमले येस ना?” मी म्हटले, “बसा हो.” पहिल्या वळणावर आम्ही टरबुजांच्या ढिगात गेलो. दुसऱ्यांदा निघालो तेव्हा एका म्हाताऱ्या बाईने आम्हाला बघून लेकराला उचलून घेतले. तेव्हा भटू खाली उतरला, छत्री माझ्या हातात दिली, दौत माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “दादा, तुम्ही मांगे बसा. मना पोऱ्या यंदा शाळामा जास. बापनी मॅट्रिक लवकर व्हवाले पाहिजे.” मग तो पायडल मारी आणि मी मागे बसून, एका हातात छत्री, एका हातात दौत, अशा थाटात आम्ही परीक्षेला गेलो. खड्ड्याखड्ड्याला दौत माझ्या सदऱ्यावर सांडली आणि पाठ लचकली ती तिथेच. दारावरच्या शिपायाने निळी बोटे, निळा सदरा आणि हातातली दौत पाहून मलाच आत ढकलले. मी एका बाकावर बसलोही. पर्यवेक्षकांनी नंबर विचारला तेव्हा गैरसमज दूर झाला, पण तोवर प्रश्नपत्रिका हातात आली होती, आणि आबा, पहिला प्रश्न मला येत होता.

सगळे वेळेवर पोचले. एकूण एक. दारात सौ. लता उभी होती, घामाने डबडबलेली, केस सुटलेले, आणि आत गेलेल्या मंदाच्या पाठीकडे बघत होती. मला बघून ती इतकी हसली, की शिपायाने तिला गप्प राहायला सांगितले.

मग ती परत बाजारात आली, कारण गुंता तसाच होता. आता ती एसटी मागे सरकवल्याची गोष्ट. तिने काही एसटी ढकलली नाही. ती ड्रायव्हरला एवढेच म्हणाली, “भाऊ, तुम्ही सर्वांत शहाणे दिसता, तुम्ही आधी हातभर मागे घ्या.” शहाणा म्हटल्यावर तो दोन हात मागे गेला. तेवढ्यात दांडी सुटली, बैल सरळ झाले. टांग्यासाठी तिने जीवरामला हॉटेलात पाठवले. त्याने चहा घेतला, घोड्याचे समाधान झाले, टांगा निघाला. ट्रक गेला. नंतर मी विचारले, हे तुला सुचले कसे? म्हणाली, पहिलीचा वर्ग सुटतो तेव्हा सगळ्या पोरी एकदम दाराशी आल्या तर एकही बाहेर पडत नाही. सर्वांत शेवटी शेठची मोटार निघाली, तीही मागे, दाराशी, जिथून आली होती तिथेच. मग सौ. लता शाळेला गेली आणि तिथे तिला उशीर झाल्याबद्दल बोलणी बसली. ती तिने ऐकून घेतली. कारण सांगितले नाही.

शेठ दोन दिवस माझ्याशी फक्त “गज सरळ धर” एवढेच बोलले. माझी खात्री झाली की आपले इथले अन्नपाणी संपले. तिसऱ्या दिवशी त्यांनी मंडळाला बोलावले आणि सौ. लतालाही बोलावले. ताटात खण, नारळ, हळदकुंकू. धुरपदाबाईंनी ओटी भरली. शेठ उभे राहिले आणि म्हणाले की, या बाईंमुळे माझ्या मंदाचे वर्ष वाचले, त्याबद्दल मंडळ आभारी आहे, आणि आता सायकली बंद करण्याच्या कामाला लागू.

सौ. लताने नारळ मांडीवर घेतला. “शेठजी, त्या दिवशी रस्ता कोणी अडवला?”

“कडब्याच्या गाडीनं.”

“ती कशाला आडवी झाली?”

शेठ पानदानाकडे बघू लागले. मंडळ छताकडे बघू लागले. मी तर कापडाच्या गठ्ठ्यांमागे उभा होतो, तिथून मी कोणाला दिसत नव्हतो, आणि बरे वाटत होते.

मग ती भांडली नाही, आबा. ती शाळेत मुलींना समजावते तशी बोलली. म्हणाली, मोटार वाईट नाही, मोटारीतून गेलेली मुलगी पावसात भिजत नाही. एसटी वाईट नाही, ती नसती तर सोनगीरची पोरे घरीच राहिली असती. सायकलही वाईट नाही. पण सगळ्यांना एकाच वेळी एकाच जागी बसायचे असेल तर पंगत कशी वाढायची? मालाच्या बैलगाड्या सकाळी दुकाने उघडायच्या आत येऊन जाव्यात. एसटीला थांबायला एकच जागा द्यावी, बाजार संपतो तिथे, म्हणजे लोकांना उभे कुठे राहायचे ते कळेल. सायकलींनी डावी कड धरावी, चुन्याची रेघ मारून द्यावी. आणि मोटारींनी दारात उभे न राहता पलीकडच्या मोकळ्या मैदानात जावे.

मंडळातल्या सर्वांनी पहिल्या तिन्हींना मान डोलावली. चौथ्याला शेठकडे पाहिले.

शेठनी पानदानाचे झाकण उघडले आणि मिटले. मग त्यांनी जे विचारले ते मी ऐकले नसते तर माझाही विश्वास बसला नसता. अगदी हळू आवाजात म्हणाले, “मग लोकांना कळणार कसं, मोटार माझी आहे म्हणून?”

कोणी हसले नाही. आतून धुरपदाबाई म्हणाल्या, “तुना बाप घोडावर ये. तो काय घोडं दुकानना दारम्हा बांधे का? तरी बठ्ठासले माहीत व्हतं, घोडं कोनं शे ते.”

आणि तेव्हा सौ. लता म्हणाली (इथे मी मनोमन तिला हात जोडले), “शेठजी, मैदानात पाटी लावू. ‘मोटारी उभ्या करण्याची जागा, बन्सीलालशेठ यांच्या सौजन्याने.’ दारात एक मोटार दिसते. तिथे गावातल्या सगळ्या मोटारींवर तुमचं नाव असेल.”

शेठनी पान लावले. पहिले पान त्यांनी नेहमीप्रमाणे मंडळाच्या वडीलधाऱ्यांना दिले नाही, सौ. लतापुढे केले. ती पान खात नाही, पण तिने घेतले.

नगरपालिकेनेही महिनाभर करून पाहायला होकार दिला आहे. पाटी लागली आहे. अक्षरे इतकी मोठी आहेत की मोटारी तिच्या सावलीत उभ्या राहतात. शेठ रोज चालत मैदानात जाऊन मोटार बघून येतात, त्यामुळे त्यांचे पोटही कमी झाले आहे. सायकली डाव्या कडेने जातात (बहुतेक). चुन्याची रेघ दर दोन दिवसांनी पुसली जाते, आणि ती पुन्हा मारायला तो दूधवाला आपण होऊन येतो. गर्दी संपली असे म्हणत नाही, आग्रा रोड आहे तो. पण आता माणसे एकमेकांना “तुम्ही आधी” म्हणतात, आणि धुळ्यात हे नवीन आहे.

तर आबा, आपण लतीला न्यायला जरूर या. पण नेण्याआधी एक सकाळ माझ्याबरोबर दुकानाच्या पायरीवर उभे राहा. इथले लोक तिला काय म्हणतात ते ऐका. कोणी ‘पंडितची बायको’ म्हणत नाही. मला मात्र ‘लताबाईंचे यजमान’ म्हणतात, आणि मी वळून ‘हो’ म्हणतो.

ती. आईंना नमस्कार, पारडीला आशीर्वाद.

आपला जावई,
पंडित

ता. क. मंदा म्हणते, पेपर छान गेले. भटू जाताना भेटून गेला. त्याचे गणित यंदाही राहील, पण भूगोल नक्की सुटेल म्हणाला, आणि त्याने मला पुढच्या वर्षी आपल्याबरोबर बसायचा आग्रह केला.

ता. क. २. खरे सांगायचे ते राहूनच गेले. सौ. लता गेले काही दिवस सायकल चालवत नाही, एसटीने जाते (गाडी आता रोज ठरल्या जागी थांबते). डॉक्टरीण बाईंनी तसे सांगितले आहे. दिवाळीच्या सुमारास आपण आजोबा व्हाल. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत आहे हे मी जाणतो, आणि तुमचा निरोप आल्यापासून मला तीच धास्ती लागली आहे. तरी विनंती अशी, की तिला न्यायच्या ऐवजी ती. आईंनाच इकडे पाठवावे. इथे दवाखाना जवळ आहे, तिची शाळा आहे, मंडळाला तिच्यावाचून रेघ सरळ मारता येत नाही, वगैरे वगैरे. ही सर्व कारणे खरी आहेत. पण खरे कारण एवढेच, की इतके महिने ती नसेल तर मला या गावात कुठे बघावे ते कळणार नाही. हे कृपया चावडीवर वाचू नये, आणि तिलाही कळू देऊ नये.

ता. क. ३. आबा, मी लती. पत्र टाकायला यांनी माझ्याचजवळ दिले, पाकीट न डकवता, म्हणून सगळे वाचले. खरे तर मला माहेरी यायचे होते. यांना सांगून निघणारच होते, पेटीही भरली होती. आता भरलेली पेटी रिकामी करते आहे. आई दिवाळीला आली तरी चालेल. मळ्यातल्या कैऱ्या मात्र लगेच पाठवा.